फ्लेक्सवरची नात

फ्लेक्सवर आजीचा फोटो छान आला होता. त्या फ्लेक्सबद्दल चांगलं बोलण्यासारखं एवढंच होतं, आणि स्वरूपाला तर तेवढंही बोलवेना.

चिखलीच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीच्या डोक्यावर, विजेच्या दोन खांबांना तारेनं आवळून बांधलेला तो भलामोठा फ्लेक्स. वर ठसठशीत अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मध्ये आजी. पांढरे केस, निळे डोळे आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आजोबा गेल्यावरही तिनं कुंकू सोडलं नव्हतं. कुणी हटकलंच तर म्हणायची, "माझ्या गावाकडं असला नियम न्हाई." फोटोखाली 'कै. रुक्मिणीबाई रंगराव गराडे (जर्मन आजी)' आणि त्याच्याही खाली लाल अक्षरात: 'शोकाकुल: मुलगा, सून, नात अफरीन आणि समस्त लघुउद्योजक, चिखली.'

नात अफरीन.

स्वरूपानं हेल्मेट न काढताच ती ओळ तीनदा वाचली. बत्तीस वर्षं ती या बाईची नात होती. एकुलती एक. शेवटचे आठ महिने शाळेतून बिनपगारी रजा घेऊन तिनं आजीचं सगळं केलं होतं, हगणंमुतणंसुद्धा. आणि फ्लेक्सवर कोण, तर चिखलीच्या वर्कशॉपवाल्या नूरमोहम्मदची अफरीन! सकाळी कुणीतरी फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा आई म्हणाली होती, "जाऊ दे गं, चुकून झालं असेल." पण स्वरूपाला ते चुकून झाल्यासारखं वाटेना. पिंपळे गुरवपासून इथवर ती स्कूटर हाकत आली ती एकच गोष्ट मनात घेऊन: आज तो फ्लेक्स उतरवायचा, आणि तो उतरताना अफरीननं तिथं उभं असायला हवं.

जळत होती ती. त्याला दुसरं नाव द्यायचं कारण नाही. आणि ही आग काही आजची नव्हती.

आजी मूळची रोझवीटा. जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातली, लोहाराची पोर. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. मशीनबरोबर जी माहितीपुस्तकं द्यायची, ती टाइप करायचं तिचं काम. तेल कुठं सोडायचं, पट्टा कसा ताणायचा, कुठलं बटण आधी आणि कुठलं नंतर. त्याच कारखान्यात पिंपरीच्या एका कंपनीनं टूलरूमचं काम शिकायला पाठवलेला रंगराव गराडे आला. त्याला जर्मन येत नव्हतं आणि तिला मराठी. तरी दोन वर्षांत त्यांचं जमलं, आणि सदुसष्ट साली रंगराव पेटीत मायक्रोमीटर आणि शेजारी बायको घेऊन परत आला.

रंगरावाच्या आईनं, म्हणजे स्वरूपाच्या पणजीनं, सुनेला दारातच न्याहाळलं आणि म्हणाली, "रंगाचं जाऊ दे, पण ह्ये नाव काय माझ्या तोंडात बसायचं न्हाई." मग तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं: रुक्मिणी. पणजी मावळातली, अंगठाबहाद्दर, पण जिभेची तिखट. रुक्मिणी झालेली रोझवीटा मराठी शिकली ती तिच्याकडून, चुलीपुढं बसून. त्यामुळे साठ वर्षं ही गोरीपान बाई 'व्हय', 'न्हाई', 'आमी' असंच बोलली. भाजीवाले आधी चकित व्हायचे, मग भाव कमी करायचे. पुढं भाच्यांच्या अंकलिपीवरून ती लिहायलाही शिकली, आणि लिहायची ती जसं बोलते तस्संच.

चिखलीशी तिचं नातं जुळलं ते नूरमोहम्मदच्या मशीनमुळं. त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून एक जुनं जर्मन ग्राइंडिंग मशीन उचललं होतं. मशीन भक्कम, पण चालवायचं कसं ते कुणालाच उमगेना, आणि बरोबरचं पुस्तक सगळं जर्मनमध्ये. रंगरावांची बायको तिकडची आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. तो पुस्तक घेऊन घरी आला. आजीनं चष्मा लावला, शेवटचं पान उलटलं, आणि खालच्या कोपऱ्यातली टायपिस्टच्या नावाची दोन बारीक आद्याक्षरं पाहून ओरडलीच, "अगं बाई! ह्ये तर मीच टायपलंय!"

दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये गेली. कागदावर भाषांतर करून द्यायला तिनं साफ नकार दिला. कागद हरवतो, म्हणाली. तिनं मशीन उघडायला लावलं, प्रत्येक भागाशी उभी राहिली, आणि पिवळ्या ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं, थेट लोखंडावर मराठीत लिहिलं: 'आदी त्याल, मग बटन.' 'हितं बोट घालायचं न्हाई.' 'आवाज बदलला तर थांब.' ही बातमी गल्लीत पसरली. पुढची वीस वर्षं चिखलीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जिथं जिथं जुनं जर्मन मशीन आलं, तिथं तिथं आजी आपला ब्रश घेऊन पोचली. घेणं काहीच नाही, फक्त चहा, तोही साखर कमी.

स्वरूपाला हे सगळं माहीत होतं, म्हणजे ऐकून माहीत होतं. ती स्वतः आजीबरोबर चिखलीला कधी गेली नाही. आणि जर्मन? त्याची गोष्ट वेगळीच होती. स्वरूपा आठ वर्षांची असताना आजीनं तिला शिकवायला घेतलं होतं. आठवडाभर आकडे झाले, फळांची नावं झाली. मग शाळेत कुणीतरी 'गोऱ्या म्हातारीची काळी नात' असं चिडवलं. स्वरूपा घरी येऊन दप्तर फेकून म्हणाली, "मला नको तुझी भाषा. तू सगळ्यांच्या आजीसारखी का नाहीस?" आजीनं फळांची चित्रं काढलेली वही उचलली आणि कपाटात ठेवून दिली. त्यानंतर तिनं कधी विषयच काढला नाही, आणि स्वरूपानंही.

बारा वर्षांनी त्या कपाटातून ती वही बाहेर निघाली, ती अफरीनसाठी.

अफरीन तेव्हा पंधराची होती. बापानं दिलेलं मशीनचं पुस्तक पोचवायला आली, आणि "आजी, हे वाचायचं कसं?" म्हणून तिथंच फतकल मारून बसली. मग दर रविवारी यायला लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसत. आजी बटाटे सोलता सोलता बोलायची, अफरीन ओठ हलवत पाठोपाठ म्हणायची. वर्षभरात त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. आणि त्या गप्पांत आजी हसायची. जर्मनमध्ये तिचं हसणं वेगळंच होतं, खालच्या आवाजातलं, खोडकर, एखाद्या तरुण पोरीचं. ते हसणं मराठीत कधी ऐकू यायचं नाही. स्वरूपा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायची आणि त्यातला एक शब्दही वाचायची नाही. त्यांच्या बोलण्यात आपलं नाव येतं का, याकडे तिचा कान असायचा. नाव कधीच यायचं नाही.

पुढं अफरीन इंजिनीअर झाली, चाकणच्या एका जर्मन कंपनीत क्वालिटीला लागली. तिकडून येणारे साहेब तिचं बोलणं ऐकून आधी गप्प होत आणि मग खो खो हसत. कारण अफरीन बोलायची ती शाळेतली जर्मन नव्हती. साठ वर्षांपूर्वीच्या खेड्यातली लोहाराघरची म्हातारी बोलेल, तसली होती. एक पाहुणा तर डोळे पुसत म्हणाला होता, "तुझी आजी कुठल्या गावची?" अफरीननं हे रविवारी येऊन आजीला सांगितलं, सगळ्यांपुढं, मराठीत. आजी टाळ्या पिटत हसली. स्वरूपाला मात्र त्यातले 'तुझी आजी' हे दोनच शब्द लागले, आणि ते आजवर निघाले नव्हते.

मागच्या वर्षी आजीला झटका आला. हातापायातून ती बरीचशी सावरली, पण तिची मराठी गळायला लागली. आधी वारांची नावं गेली, मग भाज्यांची, मग माणसांची. दिवाळीनंतर तर मराठीचा एक शब्द उरला नाही. जर्मन मात्र शाबूत. म्हणजे आता या घरात आजीशी बोलू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते रविवारी यायचं.

स्वरूपानं ते फार दिवस सोसलं नाही. आजीला न्हाऊ घालायचं तिनं, भरवायचं तिनं, रात्री उशाशी बसायचं तिनं. आणि रविवारी अफरीन अत्तराचा वास घेऊन आत येणार, आणि आजीचा चेहरा उजळणार! शेवटचे तीन रविवार तिनं अफरीनला दारातूनच परत पाठवलं. "आजी झोपलीय," एवढंच म्हणायची. तीनपैकी दोनदा ती खरंच झोपली होती.

त्यातच तो शनिवार आला. सकाळी न्हाणीघरात स्टुलावर बसवून स्वरूपा आजीच्या पाठीवर पाणी घालत होती. दोनचार दिवस गप्पगप्प असलेल्या आजीनं अचानक तिचं मनगट धरलं आणि बोलायला लागली. भराभर, स्पष्ट, डोळ्यात डोळे घालून. स्वरूपानं ओल्या हातानं खिडकीतला फोन ओढला आणि रेकॉर्डिंग लावलं. मोजून चाळीस सेकंदांचं. मग बादली वाहायला लागली, नळ बंद करायला तिनं मनगट सोडवून घेतलं, आणि आजी थांबली ती थांबलीच. सोमवारी पहाटे आजी गेली.

ते चाळीस सेकंद स्वरूपानं शंभरवेळा ऐकले असतील. फोनमधल्या भाषांतरानं 'गाय', 'गुरुवार' आणि 'सरकारी शिडी' असं काहीबाही ऐकवलं. शेवटी ती डेक्कनला जर्मन शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेली. बाईंनी तीनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "जर्मन आहे, पण मला लागत नाही. खूप खेडवळ बोली आहे. ही बोलणारंच कुणी शोधा." ही बोली बोलणारं माणूस शोधायची गरजच नव्हती. पण स्वरूपाचा पाय तिकडे वळेना, कारण त्या चाळीस सेकंदांत एकच शब्द तिला कळत होता. तो दोनदा येत होता. अफरीन.

मरताना आजीनं मनगट हिचं धरलं आणि नाव तिचं घेतलं. हे आपण त्या पोरीच्या तोंडून ऐकायचं? त्यापेक्षा न कळलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि आता हा फ्लेक्स.

नूरमोहम्मद तिला शेडच्या दारातच दिसला. सत्तरीचा, मेंदी लावलेली दाढी, हाताला ग्रीस. स्वरूपाला पाहताच त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"ताई, तुम्ही बघितला? या खुदा! सकाळपास्नं त्या फ्लेक्सवाल्याच्या मागं हाय मी. शिडी घेऊन येतो म्हनला, अजून पत्ता न्हाई. आवो, त्यानं गल्लीत विचारलं, आजीच्या नातीचं नाव काय. समदे म्हनले अफरीन. हितं आजी यायच्या त्या हिच्याच गाडीवर बसून यायच्या ना. तुमाला हितं कुनी बघितलेलंच न्हाई, बेटा."

शेवटचं वाक्य तो अगदी साधेपणानं बोलला. तणतणत बोलायला आलेल्या स्वरूपानं हेल्मेट काढून हातात घेतलं. तिला कुणी पाहिलं नव्हतं, कारण ती कधी आलीच नव्हती.

त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. समोरच ते पहिलं ग्राइंडिंग मशीन उभं होतं. हिरवा रंग कुठं कुठं उडालेला, पण पिवळी अक्षरं जशीच्या तशी. मशीनला दोनदा नवा रंग दिला, नूरमोहम्मद सांगत होता, पण पोरांना ताकीद होती, अक्षरांच्या कडेकडेनं मारा. स्वरूपानं 'आवाज बदलला तर थांब' यावरून बोट फिरवलं. आजीच्या हाताचा 'ब' असाच असायचा, पोटफुगा.

तेवढ्यात कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली आणि पहिली शिफ्ट संपवून अफरीन आत आली. स्वरूपाला बघून दारातच थबकली.

"स्वरूपाताई, तो फ्लेक्स... मला खरंच माहीत नव्हतं. मी अब्बूंना म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा."

"का? आवडला नाही? फोटो तर छान आहे." स्वरूपाच्या आवाजाला धार आली होती. "तसंही आजीला तूच लागायचीस. मी आपली पाणी तापवायला."

नूरमोहम्मद चहाचं बघतो म्हणत बाहेर सटकला. अफरीन एकदम तिच्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला काय माहिती, मी किती जळायचे तुमच्यावर? बारा वर्षं आले मी तुमच्या घरी. आजी माझ्याशी गप्पा मारायची, मान्य. पण दुखायला लागलं की म्हणायची, तू जा आता, माझी पोर येईल. मी एकदा पाय चेपायला गेले तर पाय ओढून घेतला. तुम्हाला न्हाऊ घालू दिलं तिनं. मला साधा हातसुद्धा लावू दिला नाही."

"माझी पोर?"

"तुम्हीच की. तुमचं नाव कुठं घ्यायची ती माझ्यापुढं? माझी पोर असं म्हणते, माझी पोर तसं करते, माझ्या पोरीला गणितात पैकीच्या पैकी. सारखं तेच. कंटाळा यायचा मला."

स्वरूपानं पर्समधून फोन काढला, ते रेकॉर्डिंग शोधलं आणि फोन अफरीनच्या हातात दिला.

अफरीननं कानाला लावून ऐकलं. पहिल्या काही सेकंदांत तिला हसू फुटलं.

"काय म्हणते?" स्वरूपा म्हणाली.

"आधी पाण्याचं आहे. म्हणते, पाणी जरा कमी कढत घे. रोज भाजतंय, रोज सांगतेय." अफरीननं डोळे पुसले, पण ती हसतच होती. "पुढं..."

पुढचं ऐकताना तिचं हसू गेलं. तिनं ते पुन्हा लावलं. स्वरूपानं स्टुलाची कड घट्ट धरली होती. पलीकडच्या शेडमध्ये कुणीतरी लोखंड कापत होतं, त्या आवाजात अफरीनला कान फोनला आणखी दाबून धरावा लागला.

"सांग," स्वरूपा म्हणाली. "तुझ्यासाठी काही असेल तर तेही सांग. मी ऐकेन."

"माझ्यासाठी काहीच नाही, ताई." अफरीन एकेक शब्द जपून बोलायला लागली. "ती म्हणते, अफरीनला बोलाव. माझ्या पोरीला मला एक सांगायचंय, आणि मराठी सापडेना झालीय. कालपासून शोधतेय. माझ्याच्यानं होत नाही. अफरीन आली की तिला सांगते, ती माझ्या पोरीला नीट सांगेल."

"आणि?"

"आणि बादलीचा आवाज आहे."

"काय सांगायचं होतं?"

"ते यात नाही."

स्वरूपानं फोन हातात घेतला, तेवढंच पुन्हा लावलं, आणि 'अफरीन' हा शब्द आला तिथं थांबवला. इतके दिवस त्या नावाचा तिला राग येत होता. आजी अफरीनला हाक मारत नव्हती. आजी दुभाषी मागत होती.

"कधीचं आहे हे?" अफरीननं विचारलं.

"शनिवारचं."

अफरीन अगदी हळू आवाजात म्हणाली, "रविवारी मी आले होते." आणि लगेच, जणू स्वरूपालाच वाट काढून द्यावी तशी, "पण तेव्हा ती झोपली होती ना. तुम्ही म्हणालात."

हो म्हणणं सोपं होतं. अफरीननं ते मानलं असतं, आणि या जगात दुसरं कुणी विचारणारं उरलं नव्हतं. स्वरूपानं मशीनवरच्या पिवळ्या अक्षरांकडे पाहिलं.

"जागी होती," ती म्हणाली. "तुझ्या गाडीचा आवाज ओळखला तिनं. उठवून बसव म्हणून खूण केली मला. मी बसवलं, पाठीला उशी दिली, आणि मग तुला दार उघडायला आले. तू गेल्यावर जेवणाच्या वेळेपर्यंत ती तशीच दाराकडं बघत बसली होती."